पूलचे टेबल आणि कामगाराची सुटी



अलिबागपासून काशीदपर्यंत किनाऱ्यावर पर्यटकांसाठी जी हॉटेले उभी राहिली, त्यांतल्या काहींत पूलचे टेबल असते. अशाच एका ठिकाणच्या कामगारांच्या बैठकीत एक पोरगा आम्हांला म्हणाला, "काका, टेबल आम्ही पुसतो, चेंडू आम्ही लावतो, पण खेळतात कसे, ते कोणी सांगत नाही." त्याची ही तक्रार आम्हांला लहान वाटली नाही. आमचे शिक्षण शाळेबाहेरच झालेले. म्हणून हा खेळही आम्ही विचारपूस करून शिकलो.

१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच वर्षी जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले ते हे नव्हेत) पावसाळ्याच्या रिकामपणात बिलियर्ड्सच्या टेबलावर स्नूकर हा नवा डाव बसवला. लष्करी विद्यालयातल्या नवख्या पोराला 'स्नूकर' म्हणून हिणवीत. तेच नाव खेळाला पडले. पुढे १८८२ साली उटीच्या क्लबात त्याचे नियम ठरले. खेळ जन्मला आमच्या देशात; पण साहेबांच्या त्या क्लबांत आमच्या माणसाच्या वाट्याला बहुधा मार्करची नोकरी, म्हणजे दुसऱ्याचे गुण मोजणे, एवढेच आले.

पूल हा त्याचा अमेरिकेतला भाऊबंद. घोड्यांच्या शर्यतींवर जिथे पैजा गोळा होत, त्या जागांना पूलरूम म्हणत. दोन शर्यतींमधला वेळ जावा म्हणून तिथे टेबले मांडली गेली, आणि जुगाराचे नाव खेळाला चिकटले. पगाराच्या दिवशी टेबलाभोवती पैजा लावणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा.

आता खेळाकडे वळू. कॅरम ज्याला येतो, त्याला निम्मा पूल आलाच. स्ट्रायकरच्या जागी पांढरा चेंडू, बोटाच्या जागी काठी, आणि चारच्या जागी सहा पॉकेटे. रंगीत चेंडू पंधरा: एक ते सात सपाट रंगाचे, आठवा काळा, नऊ ते पंधरा पट्ट्यांचे. ते त्रिकोणात लावावयाचे. काळा मधोमध, आणि मागच्या दोन कोपऱ्यांत एक सपाट व एक पट्ट्याचा. पहिल्या फटक्याने हा त्रिकोण फोडतात. फोडताना काही पडले, तरी गट कोणाचा हे अजून ठरत नाही. त्यानंतर जो ज्या गटाचा चेंडू नियमाने घालील, तो गट त्याचा. पांढऱ्याने आधी आपल्याच गटाच्या चेंडूला लागले पाहिजे, आणि नंतर एखादा चेंडू पडला पाहिजे किंवा कडेला तरी लागला पाहिजे. चूक झाली, किंवा पांढराच पॉकेटात गेला, तर प्रतिस्पर्धी पांढरा हवा तिथे ठेवून खेळतो. आपले सातही गेले की कोणत्या पॉकेटात घालणार ते सांगून काळा घालावयाचा. मधेच काळा घातला, किंवा त्याच्यामागे पांढराही गेला, तर डाव हरला. कॅरमच्या राणीला जी घाई चालते, ती इथे चालत नाही.

नियम मालकाला एक आणि नोकराला दुसरा, असे टेबलावर नसते. विषमता असते ती टेबलापाशी पोचण्यात. १९२२ साली पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स टेबलापाशी पोचले, आणि १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले; १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पद पुन्हा मिळवले. पोचायला आधी वेळ लागतो, आणि कामगाराला तो कोणी दान दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीनंतर १८९० साली मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. आमच्या कोकणातून गेलेल्या गिरणी कामगारांच्या चाळीत कॅरमबोर्ड मांडला गेला तो अशा सुटीच्या जोरावर.

त्या हॉटेलातल्या कामगारांच्या मागणीपत्रात आठ मुद्दे आहेत. आठवा असा: आठवड्यातून एक संध्याकाळ टेबल कामगारांसाठी मोकळे असावे. तो मुद्दा आम्ही वर घेणार होतो. पण पोरे म्हणाली, "काका, आधीचे सात सुटू द्या, मग आठवा." तेव्हा आम्ही ओळखले, की यांना खेळ समजला.