कोयनेचा कागद आणि तुमच्या टेबलावरची चिप

इंजिनीअरिंगला असलेल्या बऱ्याच जणांचा एक ठरलेला प्रश्न असतो. मायक्रोकंट्रोलर आणला, अ‍ॅक्सेलरोमीटर आणला, आता हे वायरलेस कसं करायचं? आजच्या भागात त्याचंच उत्तर आहे. पण आपण जरा लांबच्या वाटेने जाणार आहोत, आणि ती वाट सुरू होते साताऱ्यातल्या कोयनानगरला.

तारीख ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. थंडीचे दिवस, माणसं गाढ झोपेत. तेवढ्यात जमीन हादरली. सहाच्या वर तीव्रतेचा भूकंप होता. कोयनानगर आणि आसपासच्या गावांत घरं कोसळली, सुमारे १८० माणसं गेली. मुंबई-पुण्यापर्यंत लोक दचकून जागे झाले. आणि सगळ्यांच्या मनात एकच भीती: धरण राहिलं का?

धरण राहिलं. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीच्या वरच्या भागात भेगा पडल्या, नंतर मागून आधार देऊन ती मजबूत करावी लागली. पण पाणी अडलेलं राहिलं.

आता आपल्या कामाची गोष्ट. धरणाच्या आत एका गॅलरीत एक यंत्र बसवलेलं होतं, अ‍ॅक्सेलरोग्राफ. धरणात पाणी साठायला लागल्यापासून त्या भागात लहान-मोठे धक्के जाणवत होते, त्यामुळे मोजमापाची सोय आधीच करून ठेवली होती. त्या पहाटे यंत्राने आपलं काम केलं. तिन्ही दिशांचे हिसके नोंदले गेले. धरणाच्या लांबीच्या दिशेत ०.६३ जी, नदीच्या प्रवाहाच्या दिशेत ०.४९ जी, आणि उभ्या दिशेत ०.३४ जी. एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, सेकंदाला सेकंदामागे ९.८ मीटर.

आणि धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी किती धरलं होतं? वजनाच्या ५ टक्के इतका आडवा जोर. हे दोन आकडे सरळ समोरासमोर ठेवायचे नसतात बरं का. एक क्षणभराचा कमाल हिसका आहे, दुसरा सतत लागणारा जोर मानून केलेला हिशोब. पण त्या जुन्या पद्धतीत खऱ्या हलण्याचं चित्र येत नाही, हे कोयनेने दाखवून दिलं. आजही जगभरात धरणांचं गणित करणारी सॉफ्टवेअर्स तपासायला कोयनेची हीच नोंद वापरतात. कारण इथे दोन्ही गोष्टी हातात आहेत: धरण किती हललं आणि त्याला भेग कुठे पडली.

पण हे यंत्र चालतं कसं? एसटीत उभे आहात आणि ड्रायव्हरने कच्चकन ब्रेक मारला, तर तुम्ही पुढे झुकता. किती झुकलात, यावरून ब्रेक किती जोरात होता ते कळतं. यंत्रात तुमच्या जागी स्प्रिंगला धरलेलं एक वजन असतं. त्या काळच्या यंत्रांत वजनाबरोबर छोटा आरसा हले, आणि त्यावरून परतलेला प्रकाशाचा किरण फोटोच्या कागदावर रेघ काढे.

मग हे वजन लहान होत गेलं. १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉयलन्स आणि एंजल यांनी सिलिकॉनमध्येच कोरलेला अ‍ॅक्सेलरोमीटर मांडला. १९९० च्या दशकात गाड्यांच्या एअरबॅगसाठी अशा चिप्स मोठ्या संख्येने बनू लागल्या, म्हणून त्या स्वस्त झाल्या. आज फोन आडवा धरल्यावर स्क्रीन फिरते, ती याच भावंडामुळे.

राहिलं वायरलेस. इथे दुसरी गोष्ट ऐका. २००६ च्या सुमारास बर्कलीच्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर ६४ वायरलेस नोड बसवले. प्रत्येकात छोटा मायक्रोकंट्रोलर, रेडिओ, अ‍ॅक्सेलरोमीटर. सेकंदाला १,००० वेळा मोजणी. एका रीडिंगला २ बाइट धरले, तरी एका दिशेचे सेकंदाला २,००० बाइट होतात. आणि नोडकडून नोडकडे ४६ उड्या मारत येणारी माहिती पोहोचत होती सेकंदाला ४४१ बाइट! म्हणजे जेवढं मोजताय तेवढं त्याच वेळी पाठवणं शक्यच नाही. त्यांचा उपाय साधा होता: सगळ्या नोडची घड्याळं जुळवायची, आधी मोजून मेमरीत साठवायचं, मग सावकाश पाठवायचं.

आता तुमच्या टेबलावर या. एक ईएसपी३२ बोर्ड घ्या, एक एमपीयू-६०५० मॉड्यूल घ्या. चार वायरी जोडा: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए आणि एससीएल. वाय-फायला आत्ता हातच लावू नका. यूएसबी केबलनेच आकडे बघा.

मॉड्यूल टेबलावर सपाट ठेवलं की उभ्या दिशेला साधारण १ जी दिसेल. दचकू नका, टेबल त्या वजनाला वर धरून आहे म्हणून ते दिसतं. उलटं ठेवा, उणे १ येईल. प्रत्येक बाजूवर ठेवून पाहा. थोडा फरक येत असेल तर तो लिहून ठेवा, पुढे वजा करायचा आहे. अधिक-उणे २ जीच्या रेंजला १ जी म्हणजे १६,३८४ हा आकडा. म्हणजे कोयनेचे ०.६३ जी तुमच्या स्क्रीनवर सुमारे १०,३०० दिसले असते.

मग हिशोब करा. तीन दिशा, प्रत्येकी २ बाइट, सेकंदाला १०० वेळा, झाले ६०० बाइट. वाय-फायला हे अगदी किरकोळ आहे. पण एकेक रीडिंग वेगळं पाठवत बसलात तर बॅटरी रेडिओच खाईल, आणि पाठवण्याच्या नादात मोजणी चुकेल. म्हणून ५० रीडिंग एकत्र करा, त्यावर पाकिटाचा क्रमांक आणि पहिल्या रीडिंगची वेळ टाका, आणि मग पाठवा. क्रमांक ४१ नंतर ४३ आला, तर ४२ हरवलं हे लगेच कळतं. क्रमांक नसेल तर तुटलेला आलेख अखंड दिसतो, आणि तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवता. प्रोजेक्टमध्ये सगळ्यात घातक चूक हीच.

२०२३ पासून भारतातल्या अँड्रॉइड फोनमध्ये भूकंपाचे इशारे मिळू लागले आहेत. चार्जिंगला लावून ठेवलेले असंख्य फोन आपापले हिसके सर्व्हरला कळवतात, त्यावरून अंदाज बांधला जातो. म्हणजे उशाशी ठेवलेला तुमचा फोनही वायरलेस अ‍ॅक्सेलरोमीटरच आहे.

कोयनेत त्या पहाटे यंत्रापाशी कुणी बसलेलं नव्हतं. ते आधी बसवलेलं होतं, तपासलेलं होतं, आणि त्यात कागद होता. तुमचं मॉड्यूलही आज रात्री टेबलावर तसंच चालू ठेवा. सकाळी उठून आधी पाकिटांचे क्रमांक तपासा, आणि किती हरवली ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!