दोन बोटांमधला पट्टा

अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये काहीतरी धरून चालायची युक्ती माणसाला फार जुन्या काळी सुचली. इजिप्तमध्ये तुतनखामेनची कबर 1922 साली सापडली, तेव्हा तिच्यात अशाच घडणीची पादत्राणं निघाली. एका जोडाच्या तळावर बांधलेल्या शत्रूंची चित्रं होती. राजा चालेल तेव्हा ते तुडवले जावेत, म्हणून. आपल्याकडच्या खडावांना पट्टाच नव्हता. लाकडी खुंटी दोन बोटांच्या चिमटीत पकडायची आणि चालायचं. भरताने सिंहासनावर ठेवल्या त्या पादुका, आणि आषाढीला पालखीतून पंढरपूरला निघतात त्याही पादुकाच. राजाच्या, संतांच्या पायातली ही रचना पुढे रबराची होऊन ज्यांच्या पायात काहीच नव्हतं त्यांच्यापर्यंत पोचली. मला या सगळ्या इतिहासात तेवढीच गोष्ट खरी मोठी वाटते.

तिची वाट जपानमधून जाते. भाताची कापणी झाली की उरलेल्या काडापासून तिथे झोरी विणली जात. सपाट तळ, दोन बोटांच्या मधून निघून दोन्ही बाजूंना जाणारा पट्टा, आणि डावी-उजवी असा भेद नाही. 1885 मध्ये करारावर आलेल्या जपानी मजुरांची पहिली मोठी तुकडी हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत कामाला उतरली, आणि त्यांच्याबरोबर झोरीही उतरली. उष्ण हवा, ओली जमीन, घरात शिरताना पायातलं बाहेर काढायची रीत: त्या बेटांना ती लगेच मानवली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचं सैन्य जपानमध्ये मुक्कामाला होतं. परतताना सैनिकांनी झोरी घरी नेल्या. त्याच सुमारास, 1950च्या दशकात, कोबे शहरातल्या रबर कारखान्यांनी काडाच्या जागी स्पंज रबर आणलं. त्यातले हवेचे बुडबुडे एकमेकांपासून बंद असतात, म्हणून ते पाणी पीत नाही आणि पायाखाली दबून पुन्हा वर येतं. तळ आता डाव्या-उजव्या पायाच्या आकाराने कापला जाऊ लागला. आज आपण जिला स्लिपर म्हणतो ती वस्तू इथे पुरी झाली. त्यानंतर बराच काळ बदलले ते फक्त रंग आणि किंमत.

ब्राझीलमध्ये ती 1962 साली पोचली. आल्पारगातास कंपनीने तिला हवाई बेटांवरून ‘हावायानास’ नाव दिलं, पण मूळ जपानचंच राहिलं: तळाच्या वरच्या बाजूला तांदळाच्या दाण्यांसारखी नक्षी आहे, ती काडाच्या झोरीची आठवण. पहिला जोड वरून पांढरा, निळ्या पट्ट्याचा. फोक्सवॅगनच्या कोम्बी गाड्यांत माल भरून विक्रेते लहान लहान गावांत जात आणि मजुरांना, कष्टकऱ्यांना विकत. 1980च्या दशकात महागाई हाताबाहेर गेली तेव्हा सरकारने तांदूळ आणि घेवड्याबरोबर या चपलेलाही जीवनावश्यक वस्तूंत धरून तिची किंमत बांधून दिली. पुढे 1994 मध्ये कंपनीने एकरंगी, झळझळीत नमुने काढले आणि हीच चप्पल युरोपच्या महागड्या दुकानांत जाऊन बसली. तो भाग व्यापाराच्या पुस्तकांत पुष्कळ लिहिला जातो. मला सरकारच्या त्या यादीचं मोल अधिक वाटतं. पायात घालायची वस्तू भाताइतकीच गरजेची आहे हे एका देशाने तिथे लिहून ठेवलं होतं.

आपल्याकडे तीच पांढरी-निळी जोडी ‘हवाई’ म्हणून रुळली. कलकत्त्याजवळच्या बाटानगरचा कारखाना 1930च्या दशकातला, आणि बाटाची दुकानं गावोगाव होती. 1970च्या दशकात केरळात कोट्टायमला पॅरागॉन आणि उत्तरेत रिलॅक्सो अशा कंपन्या निघाल्या. कोट्टायमभोवती रबराचे मळेच आहेत, तेव्हा कच्चा माल दाराशी. पण भारतात या चपलेने जे केलं ते व्यापाराच्या हिशेबात मावत नाही. चामड्याची वहाण पावसात भिजली की फुगते, वाळली की कडक होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने बहुतेक माणसं अनवाणीच असत. शिवाय वहाण महाग. आणि पैसे असले तरी ती घालायची मुभा सगळ्यांना नव्हती. अनेक गावांत वरच्या आळीतून जाताना दलित माणसाला वहाणा काढून हातात घ्याव्या लागत, आणि ज्यांनी ते चामडं कमावलं, ज्यांनी वहाण शिवली, त्यांचीही यातून सुटका नव्हती. रबरी चप्पल आली म्हणून जात गेली नाही, असा दावा कोणी करू नये. ती माणसांनी झगडून सैल केली. पण झगडणाऱ्याला परवडेल असं काहीतरी बाजारात होतं, आणि ते पावसात टिकत होतं, ही लहान गोष्ट नाही.

या चपलेत एक मोठी उणीव आहे, आणि तीच वैद्यकाच्या कामी आली. मागून पट्टा नसल्यामुळे प्रत्येक पावलाला बोटांनी तिला धरून ठेवावं लागतं. (पावसाळ्यात पाठीपर्यंत उडणारे शिंतोडेही त्या मोकळ्या टाचेचेच.) मेंदू-मज्जातंतूंचे आपले डॉक्टर रुग्णाला विचारतात: चालताना चप्पल पायातून निघते का, आणि निघाली की कळतं का? कळतं पण धरता येत नाही, तर पावलाचे स्नायू दुबळे झालेत. निघाली आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळलं, तर पायाची संवेदना गेली आहे. मधुमेहात आणि कुष्ठरोगात असंच होतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940च्या दशकाच्या शेवटापासून कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम केलं. बधिर पायाला वेदना कळत नाही, म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडून जखम होते, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यावर तोडगा म्हणून मऊ स्पंज रबराच्या तळाचं पादत्राण पुढे देशभर कुष्ठरुग्णांना दिलं जाऊ लागलं. तळ हवाई चपलेच्या जातीचा, पण दोन बोटांमधला पट्टा काढून टाकलेला, आणि टाचेमागे पट्टा जोडलेला. बोटांना पकडीची जाणीवच नसेल तर तो पट्टा नुसती इजा करतो.

पट्टा तुटणं हे या चपलेचं ठरलेलं आयुष्य होतं. आठवडी बाजारात नुसते पट्ट्यांचे जोड टांगलेले असत. तळाच्या भोकातून नवा पट्टा ओढून घ्यायचा की चप्पल पुन्हा चालू. तोवर खाली सेफ्टी पिन अडकवून घर गाठायचं. आता साच्यातून पट्ट्यासकट एकाच तुकड्यात निघणाऱ्या चपला स्वस्त झाल्या आहेत. त्यांचा पट्टा तुटला की अख्खी चप्पल फेकावी लागते. या चपला पाण्यावर तरंगतात, त्यामुळे नदीनाल्यांतून समुद्रात आणि तिथून कुठल्याही किनाऱ्यावर लागतात. केनियात लामूच्या कारागिरांनी किनाऱ्यावरचा प्लास्टिक कचरा वितळवून ‘फ्लिपफ्लॉपी’ नावाचं सुमारे 9 मीटर लांबीचं शिडाचं गलबत बांधलं आणि त्याचं अंग सुमारे 30,000 टाकून दिलेल्या चपलांच्या रंगीत तुकड्यांनी मढवलं. 2019 मध्ये ते लामूहून झांझिबारपर्यंत सुमारे 500 किलोमीटर गेलं. त्या कारागिरांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण तीस हजार चपला एका गलबतावर लागल्या. किनाऱ्यांवर त्या रोज येत आहेत. कंपन्यांकडे माझी मागणी साधी आहे: पट्टा पुन्हा वेगळा करा, आणि तो सुटा विका.