अंगणात आलेली शाळा

आपल्यापैकी पुष्कळजणी लेकरांना अंगणवाडीत पोचवून मंडळात येतात. पण त्या नावातले ‘अंगण’ कोणाचे, हे क्वचितच कोणी विचारते. ती हकीकत मी यंदा वाचून काढली. आपल्या स्मरणिकेत ती यावी, असे मला वाटले.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ सालचा. शिकलेल्या, सुधारक घरातल्या बाई. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. त्या वेळी माँटेसरीबाईंच्या पद्धतीचा मोठा बोलबाला होता. गंमत अशी की, माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिली बालशाळा काढली ती गरीब कामकरी वस्तीतल्या मुलांसाठी. पण पुढे तिची साधने इतकी महाग झाली की, आपल्याकडे ती पैसेवाल्यांचीच शाळा होऊन बसली. ताराबाईंना हे खटकत होते. म्हणून १९४५ साली त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. अनुताईंना बालपणीच वैधव्य आले होते. अशा मुलीचे त्या काळी काय होई, ते आपल्या आज्यांना विचारावे. पण ही मुलगी शिकून मास्तरीण झाली होती.

बोर्डीत बालवाडी निघाली. गावातली बरी मुले येऊ लागली; परंतु दलित वस्तीतली व गोरगरिबांची येईनात. एखादी मास्तरीण म्हणाली असती, “आम्ही दार उघडे ठेवले आहे, त्यांना गरज नाही त्याला आम्ही काय करणार!” हे वाक्य आपणही ऐकले आहे. या दोघींनी ते म्हटले नाही. मुले येत नाहीत, म्हणजे ती आपल्याला काही सांगत आहेत, असे त्यांनी धरले. आणि बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखे कापायची, मग गाणी नि खेळ. घरची कामे करता करता आयांनाही ते दिसे. महाग साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने आली. मोजायला शिंपला काय नि रंगीत मणी काय, मुलाला दोन्ही सारखेच!

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली मुले वारली व इतर आदिवासींची. ती दिवसभर गुरांमागे असत. तेव्हा शिक्षक गुरांच्या कुरणात जाऊ लागले. गुरे चरताहेत आणि झाडाखाली पाढे चालले आहेत, अशी ही कुरणशाळा. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, तिचे नाव विकासवाडी. बाळ पाळणाघरात, ताई शेजारच्या वर्गात.

हे वाचताना मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले. माझी शाळा सातवीनंतर सुटली. आई रोजाने जाई, धाकटा भाऊ माझ्या कडेवर. हजेरीपटावर माझ्या नावापुढे गैरहजेरी पडत गेली. मी का येत नाही, हे विचारायला कोणी आले नाही. आमच्या शाळेलगत एक पाळणाघर असते तर, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, त्या १९७३ साली वारल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. अनुताईंनी ते पाहिले. त्या १९९२ साली गेल्या. शिक्षणहक्काचा कायदाही २०१० पासून लागू आहे. पण कायद्याने शाळा जवळ आली, तरी कडेवरचे बाळ काही खाली उतरत नाही. ऊसतोडीला गेलेल्या घरची मुले अजून हंगामात शाळेपासून तुटतात; नाव पटावर, मूल फडावर.

आपल्या गल्लीच्या मागच्या वस्तीतल्या चारपाच मुली हल्ली शाळेच्या वेळी नळावर दिसतात. त्यांना रागे भरणाऱ्या पुष्कळ आहेत. मंडळाच्या येत्या सभेत त्या मुलींनाच बोलावून विचारावे, कोणत्या वेळी आणि कुठे बसलेले त्यांना जमेल, अशी माझी सूचना आहे. जागा लागली तर आमचे अंगण सारवून तयार आहे. दुपारी दोन ते चार तिथे सावली असते.