मुक्त शिक्षण : टपालापासून महाजालापर्यंत

घरबसल्या शिक्षण ही कल्पना संगणकाहून बरीच जुनी आहे. १८४० मध्ये इंग्लंडात एका पेनीत पत्र पोहोचू लागले, आणि आयझॅक पिटमन यांनी लघुलिपीचे धडे टपालाने पाठवण्यास प्रारंभ केला. १९६९ मध्ये ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ, १९८५ मध्ये आपले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. या परंपरेत धड्याबरोबर उत्तरे तपासणारा शिक्षकही होता. पिटमनसुद्धा विद्यार्थ्यांचे लेखन दुरुस्त करून परत पाठवीत.

२००१ मध्ये एमआयटीने आपले अभ्याससाहित्य महाजालावर विनामूल्य खुले करण्याची घोषणा केली. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमास सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदवली. त्यांपैकी सुमारे २३ हजार शेवटपर्यंत टिकले. २०१२ मध्ये कोर्सेरा, युडॅसिटी व एडएक्स आले आणि आता विद्यापीठांची गरजच उरणार नाही, असे भाकीत होऊ लागले.

अनुभव वेगळा आला. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाने युडॅसिटीसह अल्प शुल्कात गणित शिकवून पाहिले. उत्तीर्णांचे प्रमाण इतके कमी आले की प्रयोग स्थगित करावा लागला. हार्वर्ड व एमआयटीच्या २०१७-१८ मधील अशा अभ्यासक्रमांत पूर्ण करणारे जेमतेम तीन टक्के होते. नोंदणी फुकट असल्याने केवळ कुतूहलापोटी येणारेही पुष्कळ, हे मान्य. पण पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०१३ च्या पाहणीत कोर्सेरावरील चार-पंचमांशाहून अधिक विद्यार्थी आधीच पदवीधर आढळले. ज्यांच्यासाठी दार उघडले, ते उंबरठ्याबाहेरच राहिले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान एकाने ऐकले काय किंवा लाखाने, वाढीव खर्च जवळपास शून्य. शंकानिरसन, वहीवरचा शेरा, अडखळणाऱ्यास दिलेला धीर यांचा खर्च मात्र प्रत्येक विद्यार्थ्यागणिक वाढतो. महाजालाने व्याख्यान स्वस्त केले. मार्गदर्शन महागच राहिले.

हा धडा आपल्याही कामाचा आहे. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेचा एनपीटीईएल उपक्रम २००३ पासून आहे, २०१७ मध्ये ‘स्वयम्’ सुरू झाले, आणि २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यातून मिळवण्याची मुभा दिली. आता हा प्रश्न पदवीचा झाला आहे. प्रशासनाला नोंदणीचा आकडा प्रिय असतो, कारण तो मोठा असतो आणि लवकर हाती येतो. परंतु घरात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलीला तो आकडा काहीच देत नाही. जवळच्या महाविद्यालयात आठवड्यातून दोन तास तिच्या भाषेत शंका सोडवणारा कोणी नेमला, तर तेच व्याख्यान तिला उपयोगी पडेल. त्या नेमणुकीसाठी अंदाजपत्रकात तरतूद हवी. फुकट शिक्षणाचा हाच खरा खर्च होय.