शंखनक्षी

शंखनक्षी : मृदुकाय प्राण्यांच्या कवचांचा गणिती घाट, त्यांवरील रंगरेषा आणि त्यांवरून स्फुरलेली कला.

घाट : प्राणी वाढताना कवचाच्या मुखाशी भर पडते, घाट मात्र तोच राहतो. त्यामुळे अनेक शंखांचे वेटोळे लघुगणकीय सर्पिलाच्या जवळ जाते. हेन्री मोझली याने १८३८ मध्ये हे गणिताने मांडले. डार्सी टॉमसन याच्या ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ (१९१७) या ग्रंथामुळे ते कलावंतांपर्यंत पोचले. नॉटिलसचे कवच सुवर्णगुणोत्तराचे उदाहरण मानले जाते. पण त्याची त्रिज्या दर वेढ्याला सुमारे ३ पट होते, तर सुवर्णसर्पिलाची सुमारे ६.८५ पट.

रंगरेषा : प्रावाराची (कवच स्रवणाऱ्या मऊ आवरणाची) कड कवचाच्या ओठावर ओळीमागून ओळ चढवते. चढलेली ओळ पुढे बदलत नाही. म्हणून नक्षीत वाढीचा क्रम नोंदला जातो. हान्स माइनहार्ट याने ती उत्तेजक व निरोधक द्रव्यांच्या परस्परक्रियेतून उलगडली. काही अभ्यासक मज्जातंतूंना महत्त्व देतात. स्टीफन वुल्फ्रम याच्या ‘नियम ३०’ या चौकटींच्या ओळी रचणाऱ्या गणिती नियमात प्रत्येक घराचा रंग आधीच्या ओळीतील तीन घरांवरून ठरतो. एवढ्यातून कोनस टेक्स्टाइल या शंखावरच्यासारखे विस्कळीत त्रिकोण उमटतात.

विणकाम : शंखनक्षीचे सर्वांत जवळचे नाते विणकामाशी आहे. सोलापूरच्या नवी पेठेसारख्या बाजारपेठेत मांडलेली सोलापुरी चादर हे त्याचे उत्तम उदाहरण. जॅकार्ड मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून प्रत्येक आडव्या धाग्यासाठी कोणते उभे धागे उचलायचे ते ठरते. येथेही नक्षी ओळीओळीने वाढते आणि विणलेली ओळ कायम होते. फरक आज्ञेचा आहे : मागाला पुठ्ठा बाहेरून सांगतो, शंखाला आधीची ओळच पुढची सुचवते. चादरीतील फुले-वेली शंखावरून घेतलेल्या नाहीत. साम्य घडणीचे आहे आणि वस्त्रकलेच्या दृष्टीने तेच मोलाचे. नियमातून ओळ रचणाऱ्या संकल्पकाला शंख हा तयार वस्तुपाठ आहे.

चित्रकला : रेम्ब्रांट याच्या ‘शंख’ (१६५०) या अम्लकोरीव चित्रात वेटोळे छपाईत उलटे उमटले आहे.

वास्तुकला : इंग्लंडमधील केंब्रिज नॉर्थ रेल्वेस्थानकाच्या (२०१७) बाह्य आवरणावर नियम ३० च्या कुळातील नक्षी आहे.

मूर्तिकला : पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीच्या डाव्या हाती शंख आहे.