चांदण्या पडल्या ती पहाट

१७ नोव्हेंबर १९९८ च्या रात्री आम्ही चौघे मित्र घोंगड्या आणि चहाचा थर्मास घेऊन येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढलो. अमावास्या दोन दिवसांवर होती, आकाश काळेभोर होते. सिंह राशीतून उल्कावर्षाव होणार, मध्यरात्रीनंतर त्याला भर येणार, असे सांगितले जात होते. उल्का दिसल्या, नाही असे नाही. पण वर्षाव म्हणावा असे काही घडले नाही.

सकाळी घरी परतलो तर दारात गवळी. आमची हकीकत ऐकून तो हसला. ‘निन्ने भाळ चुक्की बिद्दावरी!’ काल खूप चांदण्या पडल्या की! आदल्या पहाटे तो धार काढायला उठला, तेव्हा एकेक चांदणी अंगण उजळून जात होती आणि मागे धुराची रेघ ठेवीत होती. मला ती थाप वाटली. पुढे कळले, गवळी खरे तेच बोलत होता. तेजस्वी उल्कांचा भर अंदाजाच्या अर्ध्या दिवसाहून अधिक आधीच येऊन गेला होता.

या फजितीमुळे मी सिंह राशीच्या उल्कांचा इतिहास वाचू लागलो, आणि त्यात मला असे गवळी जागोजागी भेटले.

१३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटे उत्तर अमेरिकेत तासाला हजारो उल्का पडल्या. जगबुडी आली म्हणून कित्येकांनी गुडघे टेकले. लाकोटा लोक दरवर्षाची खूण म्हणून एक चित्र काढीत. त्या वर्षाच्या चित्रात चांदण्या पडताना दिसतात. येल कॉलेजातील प्राध्यापक डेनिसन ओल्मस्टेड यांनी मात्र वर्तमानपत्रातून लोकांना विनंती केली, की तुम्ही काय पाहिले ते कळवा. गावोगावची पत्रे आली. ती पडताळून त्यांनी दाखवले की साऱ्या उल्का सिंह राशीतील एकाच बिंदूतून आल्यासारख्या दिसतात. म्हणजे त्यांचा उगम हवेत नसून पृथ्वीबाहेर आहे. उल्काशास्त्राचा पाया असा सामान्यांच्या पत्रांवर घातला गेला.

पुढे ह्युबर्ट न्यूटन यांनी इ. स. ९०२ पर्यंतच्या जुन्या नोंदी चाळल्या, सुमारे ३३ वर्षांचे चक्र काढले आणि १८६६ चे भाकीत केले. ते खरे ठरले. त्याच सुमारास टेम्पेल आणि टटल यांनी एक धूमकेतू शोधला होता. त्याने वाटेत सांडलेली धूळ म्हणजेच या उल्का, हे १८६७ मध्ये उमगले. वाळूच्या कणाएवढे हे तुकडे सेकंदाला सुमारे ७१ किलोमीटर वेगाने येतात आणि जमिनीपासून शंभरेक किलोमीटर उंचीवर जळून जातात.

मग आले १८९९. मोठा गाजावाजा झाला, लोक जागले आणि हिरमुसले. गुरू व शनी यांच्या ओढीने धुळीची वाट सरकली होती. उलट १९६६ मध्ये फारशी अपेक्षा नसताना अमेरिकेच्या पश्चिम भागात सेकंदाला चाळीस उल्का दिसल्याच्या नोंदी झाल्या. हिशेब आता पुष्कळ सुधारले आहेत, पण आकाश अजूनही चकवते.

तो धूमकेतू २०३१ मध्ये पुन्हा सूर्याजवळ येईल. मोठ्या वर्षावाचे वचन मी देत नाही. एरवीच्या वर्षी तासाला दहा-पंधरा उल्का, एवढीच या मेजवानीची मजल. १३-१४ डिसेंबरच्या मिथुन राशीतील उल्का याहून कितीतरी अधिक. या छंदाला दुर्बीण लागत नाही. गावाच्या दिव्यांपासून दूर जावे, मध्यरात्रीनंतर उताणे पडावे, डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटे द्यावीत. मग वेळ आणि आकडा वहीत टिपावा.

१७ नोव्हेंबरला मी आजही जागतो. मात्र आता आदली रात्रही सोडत नाही, आणि सकाळी दूध घेताना विचारून ठेवतो, काल काही दिसले का?