कंधार, उदगीर, औसा : दक्षिणेतील मोगल सीमेची घडण (१६३१–१६५७)

इ. स. १६३६ च्या मोगल मोहिमेचा विचार बहुधा निजामशाहीचा अंत आणि माहुली येथील शहाजीराजांची शरणागती या दोन घटनांच्या अनुरोधाने केला जातो. तथापि या मोहिमेने जी सीमा निर्माण केली, तिचा पूर्वेकडील भाग आजच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील तीन किल्ल्यांवर ठरला, हे ध्यानात घ्यावयास हवे.

त्यांपैकी कंधार प्रथम पडला. राष्ट्रकूटकालीन जगत्तुंगसमुद्र या तलावासाठी प्रसिद्ध असलेल्या या स्थळाचा भुईकोट नसीरीखानाने १६३१ मध्ये निजामशाहीकडून घेतला. हाच सरदार पुढे खानदौरान या किताबाने प्रसिद्धीस आला. १६३६ च्या प्रारंभी शाहजहान दौलताबादेस आला, आणि विजापूरच्या मुलखात तीन दिशांनी फौजा शिरल्या. त्यांतील बिदरकडील फौज खानदौरानची होती. मे महिन्यात तह झाला. मुहंमद आदिलशहाने वीस लक्ष रुपयांची पेशकश मान्य केली व निजामशाही मुलखाची वाटणी ठरली. परंतु उदगीर व औसा तहानंतरही मोगलांच्या हाती आले नव्हते. सप्टेंबरअखेर उदगीर व ऑक्टोबरात औसा खानदौरानने वेढा घालून घेतले. उदगीरचा किल्लेदार सिद्दी मिफ्ताह याला पुढे मोगल सेवेत घेऊन हबशखान हा किताब देण्यात आला. तहाने सीमा लेखी ठरविली, परंतु ती अमलात आली किल्ले हाती आल्यावरच.

या सीमेची साक्ष फार्सी कागदांतील नावेही देतात. मात्र ती जपून वाचावी लागतात. दख्खनचे कंधार आणि अफगाण प्रदेशातील कंदाहार यांचे फार्सी लेखन एकच आहे. दुसरे ठाणे मोगलांना १६३८ मध्ये इराणच्या सफवी सत्तेकडून मिळाले. त्यामुळे संदर्भ न पाहता घेतलेली नोंद अभ्यासकास शेकडो कोस दूर नेऊ शकते. त्याहून सूक्ष्म प्रश्न ‘तेलंगण’ या नावाचा आहे. १६३६ मध्ये दख्खनचे चार सुभे झाले, तेव्हा नांदेड हे तेलंगण सुभ्याचे मुख्य ठिकाण व कंधार हा त्याचा प्रमुख किल्ला ठरला. यावरून नांदेड तेव्हा तेलुगुभाषी होते असे अनुमान काढणे सयुक्तिक नव्हे. सुभ्याचे नाव राज्यकर्त्याची दृष्टी कोणत्या दिशेस लागली आहे हे सांगते. प्रजेची बोली सांगत नाही.

पुढील घटनाक्रम याला पुष्टी देतो. उदगीर मोगलांकडे आल्यामुळे आदिलशाहीचे बिदर थोड्याच मजलांवर राहिले. १६५७ मध्ये औरंगजेबाने बिदर व कल्याणी जिंकले. तेव्हा तेलंगण सुभ्याची जागा बिदरच्या सुभ्याने घेतली. सीमा पुढे सरकली, आणि जुने नाव दप्तरातून मागे पडले. नांदेडच्या लोकांची भाषा मात्र त्या नावाबरोबर आली नव्हती, की त्याबरोबर गेलीही नाही.